साप दिसला? आधी उंदराचं बीळ शोधा : नागपूरच्या परसबागेतले वन्यजीव आणि त्यांचे शिकारी

नागपुरातल्या घराच्या बागेत धामण, मुंगूस, भारद्वाज किंवा घुबड आलं तर ते बहुधा कुणाच्या तरी मागे आलेलं असतं. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे उरतात, दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप आणि सापामागे मुंगूस. घरातली माणसं घाबरतात ती साखळीतली शेवटची कडी पाहून, आणि उपायही तिच्यावरच करायला जातात. साप पकडून नेला तरी बिळातले उंदीर तिथेच असतात, त्यामुळे दुसरा साप येऊ शकतो. म्हणून या लेखातला प्रत्येक उपाय साखळीच्या खालच्या टोकापासून सुरू होतो: कोण दिसलं, ते काय खायला आलं आणि ते खाद्य तिथे कशामुळे जमलं.

आधी बाग वाचा

दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी एवढा वेळ त्यासाठी पुरतो. संध्याकाळी बागेच्या कडेने, भिंतीलगत आणि फाटकाच्या फटीखाली चाळलेली बारीक माती किंवा रेती एक सेंटिमीटर जाडीची पसरा. पट्टा हातभर रुंद ठेवा. सकाळी ऊन वर यायच्या आत पाहा, कारण तिरप्या उजेडात ठसे स्पष्ट दिसतात. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात आणि नखं उमटत नाहीत. कुत्र्याचीही चारच बोटं, पण नखांचे टोचे दिसतात. मुंगूस आणि उदमांजर यांची पाच बोटं उमटतात. सापाची सरपट म्हणजे पावलं नसलेली नागमोडी रेघ. घोरपडीच्या चालीत मधोमध शेपटीची रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे असतात.

भिंतीच्या माथ्यावर किंवा छताच्या कडेवर बियांनी भरलेली विष्ठा पुनःपुन्हा एकाच जागी पडत असेल तर उदमांजर फळांवर येतंय. झाडाखाली केस आणि बारीक हाडं असलेल्या करड्या गोळ्या सापडल्या तर वर घुबड बसतं. त्या गोळ्या विष्ठा नव्हेत. न पचलेला भाग घुबड तोंडावाटे टाकतं. गोळी पाण्यात भिजवून काडीने उकललीत तर उंदराच्या कवट्या मोजता येतात आणि घुबड किती उंदीर फस्त करतं याचा अंदाज येतो.

कानही लावा. सातभाई, बुलबुल आणि साळुंक्या एका झुडपाभोवती गोळा होऊन खाली मान घालून कल्ला करत असतील, खारूताई शेपटी झटकत एकसुरी चिरचिर करत असेल, तर त्या जागी साप, मांजर किंवा घुबड आहे. त्या झुडपात हात घालू नका. पक्षी ज्या दिशेने पुढे सरकतात त्याच दिशेने तो प्राणी चाललेला असतो, त्यामुळे साप कुठे गेला हे शोधायला याहून चांगला उपाय नाही.

उंदीर आणि घूस : सगळ्याचं मूळ

घुशीच्या बिळाचं तोंड मोठं असतं आणि बाहेर मातीचा ताजा ढीग पडलेला असतो. साप स्वतः बीळ खणत नाही, तो याच बिळात शिरतो. बीळ वापरात आहे का हे कळण्यासाठी त्याचं तोंड वर्तमानपत्राच्या बोळ्याने आणि थोड्या मातीने हलकेच बंद करा. दुसऱ्या दिवशी उघडलेलं दिसलं तर ते चालू आहे. हे काम दिवसा, लांब दांड्याच्या फावड्याने आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून करा.

पहिला आठवडा फक्त खाणं बंद करण्याचा. पक्ष्यांना दाणे सकाळी टाका, तासाभरात संपतील एवढेच टाका आणि खाली ताट ठेवा. संध्याकाळी ताट आत घ्या. कुत्र्यामांजरांचं खाणं रात्री बाहेर राहू देऊ नका. कंपोस्टमध्ये शिजवलेलं अन्न, पोळ्या, मटणाची हाडं टाकू नका. भाजीची देठं, सालं टाकली की त्यावर वीतभर सुका पालापाचोळा घाला. कंपोस्टच्या खड्ड्याखाली सहा मिलिमीटर छिद्रांची वेल्डेड जाळी अंथरली तर घूस खालून शिरत नाही. साधी कोंबडीजाळी उपयोगाची नाही, उंदराची पिल्लं तिच्यातून सहज जातात.

दुसऱ्या आठवड्यात पिंजरे लावा. पिंजरा भिंतीला टेकवून ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या आधाराने चालतात. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या दोन रात्री दार बांधून उघडं ठेवा आणि आत भजी किंवा सुकटीचा तुकडा ठेवा. तिसऱ्या रात्री खटका लावा. टोकदार नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री अडकली तर सोडून द्या, ती झुरळं आणि किडे खाते. विष्ठा साफ करताना कोरडा झाडू मारू नका. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा आणि हातमोजे घाला, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

विषाच्या वड्या टाळा, हे आम्ही ठासून सांगतो. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस लडखडत फिरतो आणि तोच घुबडाला, मुंगसाला, मांजराला सर्वांत सोपा सापडतो. असं विष साठत गेलं की शिकारीच मरतो, आणि उंदरांची पुढची पिढी तीन आठवड्यांच्या गरोदरपणानंतर तयार असते. चिकट पाटेही नकोत. त्यांवर पाली, सापसुरळ्या, छोटे साप आणि शिंजिरासारखे छोटे पक्षी अडकून तडफडतात. चुकून काही अडकलंच तर ओढू नका. खाण्याचं तेल थेंबाथेंबाने लावून सैल करा, साप असेल तर थेट सर्पमित्राला बोलवा.

एप्रिल ते सप्टेंबर : कुलर, ओल आणि रिकामा प्लॉट

पारा ४५ च्या पुढे गेला की खिडकीतल्या कुलरखाली सतत ओल राहते. तिथे बेडूक आणि भेक जमतात, त्यांच्यामागे दिवड आणि नाग येतात. कुलरचं स्टँड जमिनीपासून किमान दोन वीत उंच ठेवा. खाली विटा, कुंड्या, जुनं सामान रचू नका. सांडणारं पाणी नळीने झाडाच्या आळ्यात सोडा. खिडकी आणि कुलर यांच्यामधली फट थर्माकोलने बुजवलेली असते, पण उंदीर तो कुरतडतो. प्लायवुडची पट्टी आणि सिलिकॉन हा टिकणारा उपाय आहे. दाराखाली रबरी पट्टी लावा. करंगळी जाईल एवढी फट सापाच्या पिल्लाला पुरते. नालीच्या तोंडावर घट्ट बसणारी जाळी हवी.

जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात बिळं भरतात आणि उंदीर-साप एकदमच बाहेर पडतात. शेजारचा रिकामा प्लॉट गवताने भरलेला असेल तर पाऊस लागण्याआधीच मालकाला सांगून किंवा महापालिकेकडे तक्रार करून तो साफ करून घ्या. भर पावसात तिथे मशीन फिरवली तर तिथले सगळे जीव तुमच्या अंगणात येतात. लॉनचं गवत चार बोटांवर ठेवा आणि झुडपांच्या खालच्या फूटभर फांद्या छाटा. म्हणजे खालचं स्पष्ट दिसतं. लाकडं, विटा, कौलं जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून दूर रचा. जुलै-ऑगस्टमध्ये नागाची पिल्लं बाहेर पडतात. ती वीतभर लांबीची असली तरी पहिल्या दिवसापासून विषारी असतात.

पालापाचोळ्याचा ढीग उपसताना पांढरी, चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसली तर तिथेच थांबा. ती उलटी केली तर आतला गर्भ मरू शकतो. वरून पाला पुन्हा झाका आणि वनविभागाला कळवा.

भाजीवर टाकलेली सैल नायलॉनची जाळी हा सापांसाठी मोठा सापळा आहे. साप तोंड घालतो, खवले अडकतात आणि मागे येता येत नाही. जाळी ताणून चौकटीवर लावा आणि खालची कडा जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. काम संपलं की गुंडाळून आत ठेवा.

फिनाईल, कार्बोलिक, गंधक, लसूण, डांबरगोळ्या यांनी साप दूर राहत नाही. पैसे वाया जातातच, शिवाय "शिंपडलंय, आता भीती नाही" असं वाटून लोक अंधारात अनवाणी फिरतात. खरा धोका तो आहे.

साप समोर आला तर

जागीच थांबा. मग सावकाश मागे सरका, चार-पाच पावलं. मुलं आणि कुत्रा आत न्या. साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो, त्यामुळे तीन मीटरचं अंतर सुरक्षित आहे. एका मोठ्या माणसाने त्याच्यावर लक्ष ठेवावं, दुसऱ्याने १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करावा. बागेत मोकळी वाट असेल आणि तो जात असेल तर जाऊ द्या. खोलीत असेल तर आतलं दार बंद करून फटीत ओला टॉवेल दाबा आणि बाहेरचं दार उघडं ठेवा. झाडूने हुसकावायला गेलात तर तो कपाटामागे शिरतो आणि दोन मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

नागपूरच्या वस्त्यांत जीवघेण्या सापांपैकी मुख्यतः तिघांशी गाठ पडते: नाग, घोणस, मण्यार. नागाला फणा असतो, पण शांत असताना तो फणा काढत नाही, म्हणून फणा नाही तर नाग नाही असं समजू नका. धामणीची मान बारीक, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेषा. ती दिवसा वेगाने पळते आणि बिनविषारी असते. धामण आणि नाग यांची जोडी लागते ही समजूत खोटी आहे.

घोणशीच्या अंगावर साखळीसारखे तपकिरी लांबट ठिपके तीन ओळींत असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलण्याने माणसं गेली आहेत. अजगराचे डाग ओबडधोबड आणि एकमेकांत मिसळलेले असतात. तरीही नियम एकच ठेवा: ठिपके असलेला जाड साप कोणताही असो, हात लावायचा नाही.

मण्यार काळा-निळा, त्यावर बारीक पांढरे पट्टे, बऱ्याचदा जोडीने. ते मानेपासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक असतात. बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे पुढे ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यार रात्री फिरते. नागपुरात उकाड्याने व्हरांड्यात, जमिनीवर झोपण्याची सवय आहे, आणि तिचा दंश नेमका तिथेच होतो. खाट वापरा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा.

सर्पमित्र आला की त्याच्याकडे वनविभागाचं ओळखपत्र आहे का ते विचारा. सापाला गळ्यात घालणारा, मुलांना हात लावू देणारा माणूस नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं, पाळणं गुन्हा आहे. मारण्याच्या नादातही चावे होतात, हे कायद्याइतकंच महत्त्वाचं कारण.

दंश झाला तर

घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सूज आली की ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळी लावून मोडलेल्या हाडासारखा स्थिर बांधा, पण घट्ट नाही. माणसाला चालवू नका. दोरीने आवळणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ, तुरटी, जडीबुटी यातलं काहीही करू नका. आवळलेल्या दोरीमुळे घोणशीच्या दंशात हात सडतो आणि दोरी सोडताच विष एकदम पसरतं.

१०८ वर फोन करा आणि थेट मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा, म्हणजे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही जिथे आहेत अशी जागा. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालतं, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नसते. मण्यारीच्या दंशाला खूण किंवा वेदना नसू शकते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या मिटू लागल्या, बोलणं जड झालं, तर गॅस समजून थांबू नका. दंशाची शंका असेल तर चोवीस तास देखरेखीखाली राहावं लागतं.

मुंगूस, माकड, उदमांजर किंवा भटकं कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर प्रश्न रेबीजचा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-तिखट लावू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांकडे आवर्जून विचारा.

पक्ष्यांची घरटी आणि त्यांच्यावर टपलेले

बुलबुल कुंडीत, शिंजीर तारेवर, शिंपी पेरूच्या पानात घरटं करतो. मांजर, कावळा, भारद्वाज आणि काही सरपटणारे प्राणी त्यांच्या मागावर असतात. घरट्याजवळ वारंवार गेलात, फोटोसाठी फांदी वाकवलीत, तर कावळा तुमच्याकडे पाहूनच घरटं शोधतो. पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूला छाटणी थांबवा. मांजराला पाच वाजल्यापासून सकाळपर्यंत आत ठेवा.

पिल्लू खाली पडलं आणि अंगावर पिसं नसतील तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाच्या वासाने आई सोडून देते ही समजूत चुकीची आहे. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं, त्याला जवळच्या फांदीवर बसवा आणि लांब जा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-भात नको. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सुती कापडावर ठेवा आणि सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला पोहोचवा.

उन्हाळ्यातलं पाण्याचं भांडं उथळ हवं, तीन बोटांपेक्षा खोल नको, आणि मध्ये खडबडीत दगड. पाणी रोज बदला, कडा आठवड्यातून एकदा घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, त्या आत चक्र तोडायचं. सिमेंटच्या टाकीत तिरपी काठी टाकून ठेवा, नाहीतर खार आणि सापसुरळी बुडते.

लहान जीवांची साखळी

लिंबू, संत्रा किंवा कढीपत्त्याच्या कुंडीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन संत्र्याच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. छोट्या कुंडीवर तीन-चारपेक्षा जास्त अळ्या असतील तर बाकीच्या मोठ्या लिंबावर हलवा. मावा दिसला की फवारणी करण्याआधी चार दिवस थांबा. मावा खाणारे ढालकिडे आले तर ते काम करतात. नाही आले तर पाण्याचा जोरदार फवारा, आणि मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण.

आफ्रिकन गोगलगाय पावसाळ्यात कुंड्या साफ करते. रात्री टॉर्च घेऊन, हातमोज्यांनी वेचा आणि मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. उघड्या हाताने नको, तिच्या चिकट स्रावात मेंदूला इजा करणारे जंत असू शकतात. मीठ मातीत फेकू नका, माती खराब होते. भारद्वाज ती खातो, त्याच्यासाठी एक दाट झुडूप राहू द्या. गोगलगायींचं विष टाकलंत तर भारद्वाजालाही ते पोहोचेल.

वानर, घोरपड, मुंगूस

वानरांच्या टोळीपुढे पळू नका, दात दाखवू नका, डोळ्यांत डोळे घालू नका. लांब काठी जमिनीवर आपटत सावकाश पुढे या आणि त्यांना निघायला एक बाजू मोकळी ठेवा. एकदा पोळी दिली की ती टोळी त्या घराची वाट विसरत नाही. पेरू, सीताफळ, डाळिंबावर फळ लिंबाएवढं असतानाच कापडी पिशवी बांधा. भाजीच्या वाफ्यावर लोखंडी चौकट आणि इंचभर छिद्रांची वेल्डेड जाळी, वरूनही झाकलेली. नायलॉन ते सहज फाडतात.

घोरपड आणि मुंगूस यांना फक्त वाट हवी असते. कोंबड्या असतील तर खुराड्याची जाळी जमिनीत वीतभर पुरा आणि संध्याकाळी दार लावा.

बिबट

मे २०२१ च्या शेवटी गायत्रीनगर-आयटी पार्क परिसरात आणि पुढे महाराजबागेकडे बिबट फिरल्याने शहराला कळलं की गोरेवाडा आणि अंबाझरीची झाडी घरांना किती लागून आहे. दाभा, वाडी, हिंगणा रोडकडच्या बागांनी ही शक्यता धरूनच चालावं. बिबटाला ओढून आणतात भटकी कुत्री आणि डुकरं, आणि त्यांना आणतो उघडा कचरा. साखळी इथेही तीच.

ठसा कुत्र्याचा की बिबटाचा हे नखांवरून आणि आकारावरून पाहा. नखं नसलेला, गोलसर, सात-आठ सेंटिमीटर रुंद ठसा दिसला तर त्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, टोपलं उपडं घालून तो झाका आणि १९२६ ला कळवा. प्रत्यक्ष दिसला तर पाठ फिरवू नका, वाकू नका, पळू नका. दोन्ही हात वर करून, मोठ्याने बोलत मागे सरकत घरात शिरा. गच्चीवरून मोबाईल घेऊन गर्दी करू नका, आवाजाने तो एखाद्या शेडमध्ये किंवा जिन्याखाली अडकतो आणि मगच हल्ला करतो. ११२ वर पोलिसांना सांगा म्हणजे गल्ली रिकामी करता येते. वनविभागाची माणसं बाग तपासून मोकळी म्हणेपर्यंत झाडांना पाणी घालायलाही बाहेर पडू नका, आणि पुढचे काही दिवस कुत्रा अंधार पडायच्या आत घरात बांधा.